'म्हणून'च्या अलीकडचं

"बाई, झालं!"

हे दोन शब्द दिवसातून किती वेळा कानावर पडतात, याचा मी एकदा हिशेब ठेवला. आमची शाळा द्विशिक्षकी, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. एका खोलीत ३१ मुलं. चौथीला घेऊन फळ्यापाशी बसले की तिसरीची मुलं दिलेली गणितं उरकून एकेक करत टेबलाशी येऊन उभी राहत. वही पुढे, डोळे माझ्या तोंडाकडे. त्या दिवशी मी फळ्याच्या कोपऱ्यात दर हाकेला एक रेघ मारत गेले. मधल्या सुट्टीपर्यंत ४७ रेघा झाल्या. चौथीचा भागाकार मी ४७ वेळा तोडून पुन्हा जोडला होता. रेघा पुसायचा धीर झाला नाही, म्हणून तो आकडा वहीत टिपून ठेवला. पुढे तो फार कामाला आला.

२०२२ च्या दिवाळीत धाकटा भाऊ हिंजवडीहून घरी आला होता. फराळाला बसलेला असताना त्याला ऑफिसचा फोन आला. "इथे तो पॅटर्न नको, गुंता वाढेल," असं काहीतरी तो समजावत होता. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "ताई, आमच्यात सारख्या सारख्या येणाऱ्या अडचणींवरचे तोडगे लिहून ठेवलेले असतात. प्रत्येकाला नाव. नाव घेतलं की समोरच्याला अर्धं बोलणं कळतं. पण मूळ कल्पना आमची नाही, एका आर्किटेक्टची आहे. याच वर्षी मार्चमध्ये गेले ते."

मी शिक्षिका. माझ्या कानाला 'पॅटर्न' म्हणजे लातूर पॅटर्न, नाहीतर पेपरचा पॅटर्न. एकाने यश मिळवायचं आणि बाकीच्यांनी ते तसंच्या तसं उचलायचं, एवढाच अर्थ मला माहीत होता. भावाने सांगितलं तो अर्थ याच्या जवळजवळ उलटा होता, आणि तो कळायला मला वर्ष लागलं.

ते आर्किटेक्ट म्हणजे ख्रिस्तोफर अलेक्झांडर. जन्म १९३६ चा, व्हिएन्नाचा. पुढे बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक. १९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर पानांचं एक पुस्तक काढलं. त्यात २५३ पॅटर्न आहेत. शहरं कशी वसावीत इथपासून सुरुवात होते आणि घरात आपल्या आयुष्यातल्या कोणत्या वस्तू मांडाव्यात इथे ते संपतं. प्रत्येकाची मांडणी एकच. आधी हा प्रश्न कुठे उद्भवतो ते. मग प्रश्न, आणि त्यात कशाची कशाशी ओढाताण होते ते. मग एक शब्द: 'म्हणून'. त्यापुढे तोडगा. आणि शेवटी, हा पॅटर्न आणखी कोणत्या लहान पॅटर्नवर टेकलेला आहे ते. सुटा पॅटर्न म्हणजे एक शब्द, आणि ते एकमेकांत गुंफले की त्यांची भाषा होते, असं त्यांचं म्हणणं.

भावाच्या जगात हे १९८७ मध्ये आलं. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनी प्रोग्रॅमिंगसाठी पहिले पाच छोटे पॅटर्न मांडले. याच कनिंगहॅम यांनी पॅटर्नची देवघेव सोपी व्हावी म्हणून १९९५ मध्ये कुणालाही दुरुस्त करता येतील अशी पानं इंटरनेटवर टाकली, तीच पहिली विकी. आमची मुलं मराठी विकिपीडियावर शिवनेरी शोधतात, त्या प्रकाराचं मूळ पॅटर्न लिहिणाऱ्यांच्या गरजेत आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. १९६४ च्या आपल्या एका पुस्तकात अलेक्झांडर यांनी नमुन्यादाखल जे गाव घेतलं आहे ते आपल्याकडचं आहे, ६०० वस्तीचं एक भारतीय खेडं. तरुण वयात ते गुजरातेत एका खेड्यात राहिले होते. त्या गावाच्या १४१ गरजा त्यांनी एकाखाली एक लिहून काढल्या, पाण्यापासून गुराढोरांपर्यंत, आणि कोणती गरज कोणत्या गरजेच्या आड येते याची जुळणी केली. म्हणजे 'म्हणून' लिहिण्याआधी १४१ ओळी. मी आयुष्यात कधी असं लिहिलं नव्हतं.

१९७७ च्या त्या जाड पुस्तकातला १५९ क्रमांकाचा पॅटर्न वाचला त्या दिवसाची गोष्ट सांगायलाच हवी. तो म्हणतो, खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा. एकाच बाजूने उजेड आला तर डोळ्यांना तिरीप लागते, माणसांचे चेहरे काळवंडतात, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे बारीक भाव दिसत नाहीत आणि माणसं नकळत अशा खोलीत रमत नाहीत. मी पुस्तक मिटलं आणि माझा वर्ग डोळ्यांपुढे आणला. व्हरांड्याच्या बाजूला दोन खिडक्या. मागच्या भिंतीला दोन, पण त्या मी रुजू झाल्यापासून उघड्या पाहिलेल्याच नव्हत्या. आमच्याकडे पाऊस आडवा येतो. कुठल्यातरी जूनमध्ये कुणीतरी त्यांवर बाहेरून ताडपत्री ठोकली होती. पाऊस गेला, ताडपत्री राहिली. मग उजेड नाहीच म्हणून एका खिडकीपुढे लोखंडी कपाट आलं आणि दुसरीवर तक्त्यांची गुंडाळी टेकली. प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी शहाणपणाचं होतं, आणि सगळ्यांची मिळून एक अंधारी भिंत झाली होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर सर, मी आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष अशा तिघांनी कपाट सरकवलं. अध्यक्षांनी बाहेरून खिळे उपसले. ताडपत्री खाली पडली आणि खिडकीचा हातभर रुंद कट्टा मोकळा झाला. त्यावर पालीची अंडी होती, कोळिष्टकं होती आणि खडूचा एक जुना डबा होता. सोमवारी वर्गात शिरले तेव्हा शेवटच्या रांगेतल्या एका मुलीच्या भुवईवरचा व्रण मला पहिल्यांदा दिसला. दीड वर्ष ती माझ्या वर्गात होती. तिला गणित समजलंय की नाही हे मी तोवर तिच्या वहीवरून ओळखत होते. त्या दिवसापासून चेहऱ्यावरून ओळखू लागले.

मग वाटलं, भिंतींचं जर असं लिहिता येतं तर शिकवण्याचं का नाही? शोधलं तर हे काम आधीच झालेलं होतं. न्यूयॉर्कच्या पेस विद्यापीठातले जोसेफ बर्गिन आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षं शिकवण्याचे पॅटर्न गोळा केले, एकमेकांकडून तपासून घेतले आणि २०१२ मध्ये त्यांचा संग्रह काढला. त्यातले बरेचसे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या अनुभवातून आलेले आहेत. तरी एक मी लगेच उचलला. त्याचा गाभा असा: मुलं चुकीला इतकी घाबरतात की चूक झाल्यावर पुढे काय होतं हे त्यांना कधी नीट पाहायलाच मिळत नाही. म्हणून त्यांना चूक मुद्दाम करायला लावा आणि तिचा परिणाम पाहू द्या.

चौथीला मी ५२ वजा ३८ दिलं आणि म्हटलं, हातचा अजिबात घ्यायचा नाही, मोठ्या अंकातून लहान अंक काढा. सगळ्यांचं उत्तर २६. एरवी हे उत्तर मी लाल पेनाने खोडते. आज म्हटलं, आता ३८ परत मिळवा. काही वेळ शांतता. मग एक मुलगा जवळजवळ ओरडलाच, "बाई, चौसष्ट होतायत! वरचे बारा कुठून आले?" त्या प्रश्नावर आमची पाऊण तासिका गेली. हातचा का घ्यायचा, हे त्या मुलांना मी सांगितलं नाही. त्या बारांनी सांगितलं.

आता मला स्वतःचा पॅटर्न लिहायचा होता. विषय ठरलेला: ४७ रेघा. मोकळ्या झालेल्या खिडकीच्या कट्ट्यावर मुलांनी वह्या उघड्या ठेवायच्या आणि एकमेकांच्या वाचायच्या, ही युक्ती तोवर वर्गात रुळली होती. मी दोन रात्री बसून लिहून काढलं. चार पानं झाली. उद्दिष्टं, साहित्य, कार्यवाही, फलनिष्पत्ती, निष्कर्ष. भावाच्या ओळखीने पुण्यातल्या एका निवृत्त प्राध्यापिका बाईंकडे ती पानं पाठवली. पॅटर्न लिहिणाऱ्यांच्या परिषदांना त्या गेलेल्या होत्या.

तिथली पद्धत मला फार आवडली. १९९४ पासून अमेरिकेत या परिषदा भरतात आणि तिथे लेख आला की लगेच स्वीकार किंवा नकार असं होत नाही. आधी प्रत्येक लेखकाला एक अनुभवी माणूस जोडून देतात. त्याला ते मेंढपाळच म्हणतात. मेंढपाळ लेख दुरुस्त करून देत नाही. तो प्रश्न विचारतो, लेखक पुन्हा लिहितो, तो पुन्हा प्रश्न विचारतो. आमच्या डोंगरात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरतात, त्यांना पाहत मी मोठी झाले. धनगर मेंढराला उचलून नेत नाही, बाजूने चालत राहतो. बाईंचं तसंच होतं.

त्यांची पहिली चिठ्ठी दोन ओळींची होती. 'तुम्ही "म्हणून"च्या पलीकडे चार पानं लिहिली आहेत. अलीकडे एकच ओळ आहे.'

मी पानं पुन्हा वाचली. खरंच, अडचणीबद्दल एवढंच होतं: 'बहुवर्ग अध्यापनात वर्गनियंत्रण कठीण जाते.' बाकी सगळं मी काय केलं आणि ते किती छान झालं, हे. शाळेत उपक्रमांचे अहवाल लिहून लिहून हाताला ते वळण पडलं होतं. अहवालात अडचण थोडक्यात आटपायची असते, कारण अडचण सविस्तर सांगणं म्हणजे कमीपणा वाटतो. पण ज्या शिक्षकाला माझी युक्ती वापरायची आहे त्याला तर नेमकी अडचणच हवी. ती त्याच्या वर्गातल्या अडचणीसारखी आहे की नाही, एवढ्यावरच तो ठरवणार.

दुसऱ्या चिठ्ठीत प्रश्न होता: 'याआधी काय काय करून पाहिलं आणि ते का टिकलं नाही?' तिसऱ्या चिठ्ठीत: 'याने काय बिघडलं?' हा तिसरा प्रश्न वाचून मी दोन दिवस कागदाला हात लावला नाही. बिघडलं काही नाही असं मला मनापासून वाटत होतं. मग वर्गात उभं राहून पाहिलं, आणि दिसायला लागलं. तीन महिन्यांनी चार पानांचं एक पान झालं. ते इथे देते.

खिडकीतली वही

दोन इयत्ता एका खोलीत बसतात, वीसच्या वर मुलं आहेत, आणि शिक्षक एका इयत्तेला शिकवत असताना दुसरी लेखी काम करते आहे.

काम झालं की मुलाला ते कुणीतरी पाहायला हवं असतं, आणि आत्ता हवं असतं. शिक्षकाने पाहिलं तर शिकवणं तुटतं. नाही पाहिलं तर मूल हिरमुसतं किंवा शेजाऱ्याची खोडी काढतं. लवकर उरकणाऱ्याला आणखी गणितं दिली तर ती शिक्षा वाटते आणि पुढच्या वेळी ते मुद्दाम रेंगाळतं. हुशार मुलाला तपासायला बसवलं तर बाकीची मुलं त्याच्याकडे वही न्यायला कचरतात, आणि त्याचं स्वतःचं शिकणं थांबतं.

म्हणून: झालेली वही उघडी करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. तिथे आधी आलेली वही उचलून वाचायची. जिथे पटत नाही तिथे समासात पेन्सिलीने एक टिंब द्यायचं. खोडायचं नाही, बरोबर-चूक लिहायचं नाही. शिकवण्याचा टप्पा संपल्यावर शिक्षकाने कट्ट्यापाशी जायचं आणि टिंबांवर बोलायचं.

पहिल्या आठवड्यात भांडणाची टिंबं पडतात. ज्याला अजून वाचता येत नाही ते मूल वही ठेवून निघून जातं. दोघांची चूक सारखीच असेल तर टिंब पडतच नाही, म्हणून अधूनमधून टिंब नसलेल्या वह्याही पाहाव्या लागतात. आणि आडव्या पावसात कट्टा ओला असतो.

आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, दर महिन्याला शिक्षण परिषद होते. केंद्रप्रमुखांना मी विचारलं, एका परिषदेत शेवटचा दीड तास मिळेल का? त्यांनी दिला, आणि स्वतःही वर्तुळात येऊन बसले. परदेशातल्या त्या परिषदांत पॅटर्नची चर्चा जशी करतात तशी करायची असं ठरलं. ही रीत रिचर्ड गॅब्रिएल या संगणकतज्ज्ञांनी कवींच्या कार्यशाळेतून आणली. ते स्वतः कविताही लिहितात. लेखकाने आपल्या लेखातला एखादा उतारा वाचून दाखवायचा आणि मग गप्प बसायचं. बाकीचे त्याच्याविषयी, तो तिथे नाहीच असं धरून बोलतात. आधी लेख काय सांगतो ते एकजण सांगतो. मग त्यातलं चांगलं काय ते. मग काय सुधारावं ते. लेखकाने समर्थन करायचं नाही. शेवटी एखादी शंका विचारायची, आभार मानायचे, संपलं.

शिक्षकाला गप्प बसणं किती जड जातं हे मी त्या दिवशी अंगावर अनुभवलं. आठ जण बसलो होतो. पंधरा-वीस मिनिटं चांगलं चाललं. मग खालच्या वाडीच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांत आधी ज्या मुलाचं होतं त्याने काय करायचं? कट्ट्यावर तर वहीच नाही." माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर होतं. माझ्या वर्गात त्या मुलासाठी माझीच वही कट्ट्यावर ठेवलेली असते, तीच गणितं मी सोडवलेली, आणि त्यात एक चूक मुद्दाम केलेली. ती चूक पहिल्यांदा सापडावी म्हणून मुलं धडपडतात. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात लक्षात आलं: हे माझ्या कागदावर नाही. मी रोज करते, पण मला ते इतकं सवयीचं झालंय की लिहायचं सुचलंच नाही. बोलायची मुभा असती तर मी तोंडी सांगून मोकळी झाले असते आणि कागद तसाच अपुरा राहिला असता. त्या नियमाचं मोल मला त्या क्षणी कळलं.

घरी येऊन 'बाईंची वही' हा वेगळा छोटा पॅटर्न लिहिला. तो 'खिडकीतली वही'च्या पोटात बसतो आणि 'मुद्दाम चूक'वर टेकतो. आणि 'खिडकीतली वही' स्वतः 'दोन बाजूंनी उजेड'वर टेकलेली आहे, कारण ताडपत्री निघाली नसती तर कट्टाच नसता. हे पॅटर्न एकमेकांना हात देऊन उभे आहेत हे दिसलं तेव्हा 'भाषा' हा शब्द का वापरतात ते मला समजलं.

त्यानंतर इतरांनी लिहायला घेतलं. एका सरांनी प्रश्न विचारल्यावर थांबण्याबद्दल लिहिलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात. सरांनी हे सगळं नीट मांडलं होतं आणि वर नाव दिलं होतं 'प्रतीक्षा कालावधी'. चर्चेत सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या महिन्यात विचारलं तर कुणीच वापरलं नव्हतं, आणि नावही कुणाला आठवेना.

नावावर आम्ही एक अख्खी बैठक घातली. एवढा वेळ नावावर का, असं एकदोघांना वाटलं. मला तो वेळ सगळ्यांत सार्थकी लागलेला वाटतो. 'थांबा', 'तीन श्वास', 'घाई नको' अशी नावं निघाली. मग एका बाईंनी सहज म्हटलं, "अहो, भाताला वाफ येऊ द्यायची ना, सारखं झाकण उघडून कसं चालेल?" सगळे एकदम हसले, आणि नाव ठरलं: 'वाफ येऊ द्या'. झाकण उघडणं म्हणजे काय हे कुणाला समजावावं लागलं नाही. प्रश्न पुन्हा विचारणं म्हणजे झाकण उघडणं. अर्धं उत्तर स्वतः देणं म्हणजे झाकण उघडणं. पुढच्या परिषदेत चहाच्या वेळी एक सर दुसऱ्याला म्हणत होते, "तिसरीत वाफ दिली, पण आच कमी पडली, प्रश्नच सोपा होता." दोन शिक्षक शिकवण्याच्या इतक्या बारीक गोष्टीवर इतक्या थोड्या शब्दांत बोलताना मी पंधरा वर्षांच्या नोकरीत प्रथम ऐकलं.

आता जे फसलं ते. वरच्या वाडीतल्या एका सरांनी 'खिडकीतली वही' मनापासून वापरली, महिनाभर. मग मला म्हणाले, "बाई, मुलं करतात, पण वर्ग उदास झालाय." मी एका दुपारी त्यांच्या शाळेत गेले. पट सात. सातही मुलं सरांभोवती चटईवर बसतात. तिथे रांग कधी लागतच नव्हती. मूल "सर, झालं" म्हणायचं, सर वही घ्यायचे, दोन शब्द बोलायचे, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. तो दिवसातला त्या मुलाचा सगळ्यांत मोलाचा क्षण होता आणि माझ्या पॅटर्नने तो काढून घेतला होता. 'वीसच्या वर मुलं आहेत' हे मी लिहिलं होतं, पण एका ओळीत, जाता जाता. मी ते शिक्षकाच्या सोयीच्या अंगाने लिहिलं होतं. मुलाला शिक्षकाचा स्पर्श आणि नजर हवी असते ही ओढ मी लिहिलीच नव्हती. 'कुणीतरी पाहायला हवं असतं' असं म्हणून मोकळी झाले होते. कुणीतरी नाही. बाई. मुलाला बाई हवी असते. माझ्या वर्गात ती देता येत नाही म्हणून खिडकी आहे.

ते वाक्य आता पॅटर्नमध्ये आहे. अलेक्झांडर यांनी आपल्या पॅटर्नवर तारे दिले होते. ज्याची पुरती खात्री त्याला दोन, थोडी कमी त्याला एक, आणि जो अजून चाचपडत आहे त्याला एकही नाही. मी 'खिडकीतली वही'ला आधी दोन तारे दिले होते. त्या दुपारनंतर एक खोडला.

लातूर पॅटर्न हा शब्द उच्चारताना आपण फक्त निकाल उचलतो, त्यामागची परिस्थिती तिथेच राहते, असं मला आता वाटतं. आणि हे फक्त परीक्षेच्या बाबतीत घडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला जे काम केलं ते मी या निमित्ताने पुन्हा वाचलं. बालवाडीत आदिवासी पोरं येत नाहीत, कारण मोठ्या भावंडांना धाकटी सांभाळायची असतात, आणि शाळेची जागा परकी वाटते. म्हणून बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली: अंगणवाडी. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात गेली: कुरणशाळा. केवढी अडचण 'म्हणून'च्या अलीकडे आहे, आणि केवढं नेमकं नाव! पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, कामही फार मोठं झालं, पण अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिलं. आता अंगणवाडी म्हणजे एक खोली. ताराबाईंनी ती ओढाताण लिहून ठेवली आहेच. नावासोबत तीही प्रवास करायला हवी होती, ही माझी तळमळ आहे.

मुलांबरोबरही एक प्रयोग केला. जपानमध्ये केओ विद्यापीठात ताकाशी इबा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये शिकण्याचे ४० पॅटर्न तयार केले. ते शिकवणाऱ्यासाठी नाहीत, शिकणाऱ्यासाठी आहेत. मी चौथीला विचारलं, गणितात अडलं की तुम्ही काय करता? एका मुलीने सांगितलं, "मी आकडे लहान करून बघते." एकाने सांगितलं, "मी पाणी प्यायला जातो आणि परत येतो." दोन्ही आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहून भिंतीला लावलं. 'लहान आकडे' आणि 'पाणी पिऊन ये'. कोण अडलं की दुसरं मूल तिकडे बोट दाखवतं.

केंद्रात आमचे आता १४ पॅटर्न झाले आहेत. दोन तारे असलेला एकच, 'वाफ येऊ द्या'. केंद्रशाळेच्या एका भिंतीवर दोरी बांधली आहे, तिच्यावर पानं चिमट्यांनी लावलेली असतात आणि कोणतं कशावर टेकतं ते सुतळीने जोडलेलं. सुतळीच्या टोकाशी पान नसेल तर तिथे काहीतरी लिहायचं राहिलंय, हे लगेच दिसतं.

गेल्या परिषदेत खालच्या वाडीच्या मॅडमनी पंधरावं पान आणलं. दिवाळी झाली की त्यांच्या शाळेतली काही मुलं आईबापांबरोबर मजुरीला खाली जातात आणि होळीच्या सुमारास परत येतात. मधल्या महिन्यांत वर्ग पुढे गेलेला असतो. मागचं शिकवायला बसवलं तर मूल धाकट्यांत पडतं आणि लाजतं. चालू धड्यात बसवलं तर काहीच कळत नाही. सोबत्याला शिकवायला लावलं तर सोबती चार दिवसांत कंटाळतो. आणि ते मूल तिकडे जे शिकून आलेलं असतं, मजुरीचा हिशेब, टोमॅटोच्या क्रेटची मोजणी, त्याला वर्गात जागाच नसते. मॅडमनी असं पाऊण पान लिहिलं होतं. खाली 'म्हणून:' लिहिलं होतं आणि पुढे कोरं.

त्या म्हणाल्या, मला माहीत नाही.

आम्ही ते पान तसंच दोरीला लावलं, खाली एक पेन्सिल बांधून. काल पाहिलं तर ओढाताणीच्या जागी आणखी दोन ओळी वेगळ्या अक्षरांत वाढल्या होत्या. एक सुतळी 'बाईंची वही'कडे नेलेली होती, आणि दुसरी, कुणी बांधली ठाऊक नाही, दाराबाहेर काढून खाली जाणाऱ्या रस्त्याच्या दिशेने सोडून दिली होती.